भूर्ज आणि बर्च एकच नव्हेत

मा. संपादक,
स. न.

परवा एका दुकानात सिल्व्हर बर्चच्या वाळलेल्या पानांचे पाकीट हाती आले आणि त्यावर ठळक अक्षरांत ‘भूर्जपत्र चहा’ असे छापलेले पाहून फार वाईट वाटले. हिमालयातला भूर्ज, ज्याच्या सालीवर शारदा लिपीत लिहिलेली ऋग्वेदाची पोथी पुण्याच्या भांडारकर संस्थेने जपली आहे, आणि युरोपातला पांढऱ्या सालीचा बर्च ही एकाच कुळातली, परंतु वेगवेगळी झाडे आहेत.

युरोपात बर्चच्या पानांचा काढा लघवी साफ होण्यासाठी, मूत्रमार्गाच्या किरकोळ तक्रारींत पूरक उपाय म्हणून परंपरेने घेतला जातो. त्यासोबत भरपूर पाणी पिणे आवश्यक असते. म्हणूनच हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या गंभीर विकारामुळे ज्यांना पाणी बेताने पिण्यास सांगितलेले आहे, त्यांनी तो घेऊ नये. पाकिटावर याचा उल्लेखही नव्हता, केवळ ‘पूर्णतः नैसर्गिक’ एवढेच होते! बर्चच्या परागकणांची अॅलर्जी असणाऱ्यांनीही जपायला हवे.

या झाडाचे औषधी मोल मी नाकारत नाही. त्याच्या सालीच्या अर्कापासून बनवलेल्या जेलला युरोपीय संघाने 2022 मध्ये, त्वचेवर सतत फोड येणाऱ्या एका दुर्मीळ आनुवंशिक आजारातील जखमांसाठी मान्यता दिली. मात्र ती रीतसर चाचण्यांनंतर. अशा पाकिटांवर ‘बेटुला पेंड्युला’ हे शास्त्रीय नाव आणि कोणी सेवन करू नये याची सूचना मराठीत छापणे सक्तीचे करावे, ही विनंती.

— एक वाचक, पुणे