मंगल, भांडण मिटवते

म्हार्दोळ, रविवार

प्रिय मंगल,

चतुर्थीपासून एक ओळ नाही, तेव्हा तू शिव्या घातल्याच असशील. बीपी गोळीवर, ह्यांची साखर आहे तिथेच. झालं. आता जे सांगते ते घरात ह्यांनाही ठाऊक नाही.

एका मंगळवारी आरोग्य केंद्रात गोळ्या आणायला गेले होते. सिस्टर म्हणाली, "मावशी, छातीपण तपासूया." मी मनात म्हटलं, एवढी यंत्रं असताना ही बाजारातल्या तवशीसारखी दाबून काय बघणार? पडदा ओढून झोपवलं, हात डोक्याखाली घ्यायला लावला. मधली तीन बोटं चपटी ठेवून लहान लहान गोल. आधी हलके, मग दाबून, मग आणखी खोल. गळ्याखालच्या हाडापासून थेट काखेपर्यंत. उजवी झाली. डावीकडे बोटं पुढे गेली आणि मागे आली. चण्याएवढी गाठ. दुखत नव्हती गं, म्हणून तर मला पत्ता नाही.

शालूला फोन केला. डॉक्टरीण झाली तरी बोलते नाकातूनच. म्हणाली, टाटा हॉस्पिटलने १९९८ पासून मुंबईत दीड लाख बायकांवर हेच पाहिलं. निम्म्यांना आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हातानेच तपासलं. त्यांच्यात रोग लवकरच्या टप्प्यात सापडला, आणि पन्नाशीपुढच्यांत स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्यांत तसा फरक नाही. म्हटलं, म्हातारं होण्याचा हा एक तरी फायदा! पण हाताला लागलेली प्रत्येक गाठ कॅन्सर नसते आणि हाताला काही लागलं नाही म्हणजे सुटलो असंही नाही, हेही तिने दोनदा बजावलं. मग बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलात मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे, दोन फळ्यांत पापड!), सोनोग्राफी, आणि परवा सुई घालून तुकडा काढला.

तुला का लिहिते ते तुला कळलंच असेल. जायांच्या पूजेला, आमच्या स्वयंपाकघरात, तू माझा हात धरून म्हणालीस, "इथे लावून बघ." आणि मी हात ओढून घेतला. वर म्हटलं, "उगाच मनाला लावून घेतेस." तुझ्या गाठीत नुसतं पाणी निघालं हे मला तुझ्या वहिनीकडून कळलं. नंतर सहा महिने आपण पातेल्यावरून भांडलो. पातेल्यावरून नव्हतंच ते.

सुनेचं बाळंतपण नीट झालं ना? नाव काय ठेवलंत? गच्चीची गळती थांबली का?

गुरुवारी रिपोर्ट. तान्हं बाळ सोडून येऊ नकोस. मात्र सकाळी दहाला फोन जवळ ठेव.

तुझीच,
सुमन

ता. क. ते पितळी पातेलं माझ्याच माळ्यावर होतं. चिंच लावून घासून ठेवलंय.