शिरोळच्या मुलांना कर्नाटकची बाजू मांडायला लावणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सा. न. वि. वि.

निरोप समारंभ तुम्ही होऊच दिला नाहीत. मानधनाचं पाकीट परत केलंत, शाल आमच्या शिपाईमामांच्या खांद्यावर घातलीत आणि नारळ तेवढा ठेवून घेतलात. आभार मानायचे राहूनच गेले. म्हणून आता चारचौघांत मानते, म्हणजे तुम्हाला मध्ये बोलता येणार नाही.

परराष्ट्र धोरणाचा पेपर मी बरीच वर्षं शिकवते आहे. अलिप्ततावाद, पंचशील, शेजारी देशांशी संबंध, शेवटी टिपा लिहा. मुलं पाठ करतात, पास होतात. आमच्याच तालुक्यातल्या अब्दुल लाटचे ज्ञानेश्वर मुळे १९८३ मध्ये परराष्ट्र सेवेत गेले, हे इथल्या पोराटोरांनाही माहीत आहे. पण असा माणूस रोज सकाळी दूतावासात जाऊन नेमकं काय करतो, हे विचारलं असतं तर वर्गात सगळ्यांनी माना खाली घातल्या असत्या. उभ्या आयुष्याची नोकरी परराष्ट्र सेवेत घालवून तुम्ही आईजवळ राहायला गावी आलात आणि दर शनिवारी आमच्या कॉलेजात यायला लागलात, हे आमचं नशीब.

पहिल्याच तासाला मागच्या बाकावरून आलं, ‘मॅडम, आमचं इंग्लिश कच्चं आहे.’ तुम्ही धीर देत बसला नाहीत, नियम सांगितलेत. नागरी सेवेची मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येते, मुलाखतही मराठीतून देता येते. इंग्रजीचा सक्तीचा पेपर ३०० गुणांचा, त्यात २५ टक्के मिळाले की झालं. परराष्ट्र सेवेत निवड झाल्यावर प्रशिक्षणाला मसुरी, मग दिल्लीची सुषमा स्वराज इन्स्टिट्यूट आणि त्यानंतर प्रत्येकाच्या वाट्याला एक परकी भाषा. तिची परीक्षा पास झाल्याशिवाय नोकरी कायम होत नाही. ‘तिथं गेलं की कॉन्व्हेंटवाला आणि तू, दोघंही अरबीच्या बाराखडीपासून सुरू करणार,’ असं म्हणालात. इंग्रजी लागतच नाही असं मात्र म्हणाला नाहीत. मसुदा लिहिण्याइतकं यायलाच हवं, हे बजावून सांगितलंत.

आणि मग अलमट्टी! कृष्णेवरचं कर्नाटकातलं धरण, आपल्याकडे पूर येतो तो त्याच्या साठलेल्या पाण्याच्या फुगवट्यामुळंच, असं इथं जो तो म्हणतो. खरं सांगते, विषय फळ्यावर लिहिलात तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. २०१९ आणि २०२१ चा महापूर बघितलेली ही मुलं. निम्म्यांच्या घरात पाणी शिरलेलं. वाटाघाटींचा सराव करायचा, एक गट महाराष्ट्राचा, एक कर्नाटकाचा, आणि ज्याचा आवाज सगळ्यात चढा त्यालाच तुम्ही कर्नाटकाचं प्रमुख केलंत. कुरुंदवाडचा तो मुलगा. पुरात त्यांची दोन जनावरं गेलेली. आठवडाभर तो माझ्याशीही नीट बोलत नव्हता. पुढच्या शनिवारी आला तो कागद घेऊनच. धरणाची पातळी ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटरवर नेली तर बागलकोट जिल्ह्यातली गावं पाण्याखाली जातात, तिथल्याही लोकांना घरं सोडावी लागतात, विजयपूरचा शेतकरी मात्र पाण्याची वाट बघत बसलाय, हे त्यानं मांडलं. महाराष्ट्राच्या गटाची गोची तर वेगळीच झाली. २०१९ च्या पुराचं कारण अलमट्टीचा फुगवटा नाही, असं आपल्याच सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं म्हटलेलं होतं. तो अहवाल तुम्ही त्यांच्या पुढ्यात टाकलात आणि म्हणालात, ‘समोरचा हा वाचून आलेला असणार. आता बोला.’

ती बैठक फिसकटली. पण माझ्या मते खरा धडा दुसऱ्या दिवशी मिळाला. बैठकीचा वृत्तांत एका पानात, सकाळी दहाच्या आत, हा तुमचा दंडक. महाराष्ट्राच्या गटातल्या एकानं लिहिलं होतं, ‘कर्नाटकाच्या प्रतिनिधींनी प्रस्ताव उद्दामपणे फेटाळला.’ तुम्ही पेन्सिलीनं ‘उद्दामपणे’ खोडलंत आणि विचारलंत, ‘फेटाळला म्हणजे काय म्हणाले? शब्द सांग.’ त्यानं वही उलटली. वहीत होतं, ‘पावसाळ्याआधी पुन्हा बसू.’ तुम्ही पेन्सिल खाली ठेवलीत. ‘अरे, दार उघडं ठेवून गेलेत ते, आणि तू दिल्लीला कळवतोयस की दार बंद झालं.’ तेव्हापासून मीही मुलांच्या निबंधातली विशेषणं खोडायला लागले आहे. मुलं वैतागलीत.

मुलींसाठी तुम्ही वेगळा तास घेतलात, त्याबद्दल काय लिहू? १९४९ मध्ये परराष्ट्र सेवेत गेलेल्या पहिल्या महिला सी. बी. मुथम्मा, महिला अधिकाऱ्यांना लग्नासाठी सरकारची परवानगी मागायला लावणारा तो नियम, आणि १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या नियमावर ओढलेले ताशेरे. दाखवण्याचे कार्यक्रम सुरू झालेल्या मुली त्या वर्गात होत्या. एकीच्या वडिलांना तुम्ही स्वतः जाऊन भेटलात. काय बोलणं झालं ते तुम्ही सांगितलं नाहीत, पण स्थळ बघणं दोन वर्षं लांबणीवर पडलं एवढं खरं.

तुम्ही खोटी आशाही लावली नाहीत. परराष्ट्र सेवेच्या जागा वर्षाला जेमतेम चाळीस-पन्नास, हे तुम्हीच सांगितलंत आणि लगेच बाकीच्या वाटा दाखवल्यात. स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या परीक्षेतून परराष्ट्र मंत्रालयात असिस्टंट सेक्शन ऑफिसर होता येतं, हे मला स्वतःला माहीत नव्हतं. जिच्या वडिलांना तुम्ही भेटलात, ती मुलगी आता त्याच परीक्षेच्या मागे आहे. कुरुंदवाडचा मुलगा रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन शिकतोय. पुण्यात खोलीभाडं परवडत नाही म्हणून रोज कुरकुरतो, पण तास बुडवत नाही.

जाता जाता एक काम. यंदाच्या मुलांनी गंगा पाणीवाटप करार घ्यायचा ठरवलाय. डिसेंबर १९९६ चा, तीस वर्षांच्या मुदतीचा. बांगलादेशची बाजू कुणी घ्यायची यावरून आत्ताच जुंपली आहे. गंगेवरच्या फराक्का बंधाऱ्याबद्दल काय काय वाचायला द्यावं, याची यादी सवडीनं पाठवाल का? आणि दिवाळीनंतर एखादा शनिवार मोकळा ठेवा. शाल आणणार नाही, शब्द देते.

आपली,
राज्यशास्त्राची बाई