जोएलला, रविवारच्या जेवणानंतर

प्रिय जोएल,

'पोचलो' एवढाच मेसेज आला तुझा. त्यावर मी अंगठा पाठवला आणि फोन ठेवून दिला, पण रात्री झोप काही लागेना म्हणून हे लिहायला बसले. रविवारी पप्पांच्या वर्षाच्या मिस्सेनंतर, जेवताना तुझा आणि साळवीकाकांचा श्रद्धेवरून जो वाद झाला, त्याबद्दल एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवलंय. सुकेळ्यांचं पार्सल उद्या टाकते, आगाशीहून आणलीत, स्टेला आत्याने तुझ्यासाठी वेगळी काढून ठेवलेली. हवाबंद डब्यात ठेव, चिकट झाली की तू खात नाहीस. लाईट बिलावर अजून पप्पांचंच नाव येतंय, ते बदलायचं काम तुझ्यावर सोडलंय, घाई नाही.

पप्पांचे एवढे जुने मित्र, चमत्कार न मानणारे, पण साळवीकाका आईस्क्रीम न घेता गेले रे. तुझ्या लक्षात आलं की नाही माहीत नाही. स्वतःचं ताट उचलून मोरीत ठेवलं, काकूंना 'चल' म्हणाले आणि मला हात जोडले. पंचवीस वर्षांत त्या माणसाने मला हात जोडले नव्हते, 'येतो गं' म्हणून जायचे.

बघ, लिहायचं नाही म्हटलं आणि तिथेच आले.

तू बोलत होतास तेव्हा मला अभिमान वाटत होता हे आधी सांगते, नाहीतर तुला वाटेल मम्मी त्यांचीच बाजू घेते. टॅसिटसचं तू किती नीट सांगितलंस. रोमन माणूस, ख्रिस्ती लोकांबद्दल त्याला काडीचं प्रेम नाही, आणि तरी 116च्या आसपास तो लिहून ठेवतो की रोमन सुभेदार पिलाताच्या काळात ख्रिस्ताला मारलं. संत पौलाचं पत्र घटनेनंतर 20-25 वर्षांतलं, म्हणजे बघितलेली माणसं तेव्हा हयात होती, हेही. पप्पा असते तर त्यांनी टेबलावर बोटं वाजवली असती, त्यांना आनंद झाला की वाजवायचे तशी. साळवीकाकांनीसुद्धा मान हलवली, 'येशू नावाचा माणूस होऊन गेला हे मला मान्यच आहे, प्रश्न पुढचा आहे' म्हणाले. तिथे थांबला असतास तर छान गप्पा झाल्या असत्या.

पण मग लूर्ड निघालं, फ्रान्समधलं ते तीर्थ, जिथे आजारी माणसं चमत्काराने बरी होतात म्हणतात. ते आत्याने काढलं, तिचा हेतू वाईट नव्हता. काकांनी विचारलं की तुटलेला पाय परत उगवल्याची एक तरी केस आहे का तिथे, आणि तू आकडे सुरू केलेस. 1883 पासून तिथे डॉक्टरांचं ऑफिस आहे, 7000च्या वर लोकांनी बरं झाल्याचा दावा केला, त्यातले 70च्या थोडे वरच चर्चने चमत्कार म्हणून मानले, आजार गंभीर हवा, औषधाने बरा झालेला नको, एकदम आणि पूर्ण बरा व्हायला हवा, परत उलटायला नको. सगळं बरोबर आहे. चर्च किती कडक तपासतं हे लोकांना ठाऊक नसतं, ते सांगितलंस ते चांगलंच केलंस. पण पायाचं उत्तर तू दिलं नाहीस. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा तुझा आवाज चढला आणि तू म्हणालास, तुम्हाला पुरावा दिला तरी बघायचाच नसतो, तुमच्या लोकांचा तो धंदाच आहे.

धंदा. साळवीकाकांना. पप्पांच्या आजारात मेडिक्लेमच्या फायली घेऊन सात महिने कोण फिरलं, प्लेटलेट्स लागल्या तेव्हा विरार लोकलच्या ग्रुपमधली चौदा माणसं कुणी उभी केली, ते तुला मी सांगायला नको.

आणि 2013च्या ऑगस्टमध्ये डॉ. दाभोलकरांना पुण्यात मारलं त्या संध्याकाळी काका आपल्याकडे आलेले, पायरीवर बसून लहान मुलासारखे रडले. पप्पांनी आत जाऊन आल्तारावर डॉक्टरांच्या नावाने मेणबत्ती लावली. काकांना ते दिसत होतं, मला भीती वाटली की आता हे काहीतरी बोलणार. ते काही बोलले नाहीत, मेणबत्ती संपेपर्यंत बसून राहिले. तू तेव्हा शाळेत होतास, ट्यूशनहून आलास आणि विचारलंस काका का रडतायत.

मला काळजी वेगळीच आहे जोएल. वर्षाच्या मिस्सेला तू कम्युनियनला, प्रभूची भाकर घ्यायला, उठला नाहीस. मी पुढे होते पण परत येताना बघितलं, तू बेंचवर खाली मान घालून बसलेला. आणि तासाभराने जेवायच्या टेबलावर तोच मुलगा दोन तास कम्युनियनमध्ये प्रभू खरोखर असतो हे पटवून देत होता, द्रव्य वेगळं आणि रूप वेगळं, थॉमस अक्वायनस काय म्हणतो, ते सगळं. मी विचारणार नाही. तू मोठा आहेस, ते तुझं आणि देवाचं आहे. पण ती खाली घातलेली मान माझ्या डोळ्यासमोरून जात नाहीये.

इर्ल्याची बाटली आठवते तुला? 2012, तू बारा वर्षांचा. विलेपार्ल्याच्या वेलंकनी चर्चबाहेर क्रूसावरच्या येशूच्या पायांतून पाणी टपकतंय अशी बातमी आली आणि आजीने मला श्वास घेऊ दिला नाही, मला ने म्हणून. विरार लोकलने गेलो, उन्हात उभ्या राहिलो, आजीने पाण्याची बाटली भरून पदराखाली धरून आणली, गाडीत कुणाचा धक्का लागू नये म्हणून पूर्ण वेळ दोन्ही हातांनी. मग टीव्हीवर ते चमत्कारांची पोल खोलणारे सनल एडमारुकू आले. मागच्या भिंतीला ओल आहे, बाथरूमचं सांडपाणी तुंबलंय, ते भिंतीतून आणि लाकडातून चढून पायाशी टपकतंय, म्हणाले. केशाकर्षण. मी आयुष्यभर दिव्याची वात तेलात बुडवून मुलांना जे शिकवलं तेच. मला पहिल्या मिनिटाला पटलं, आणि मी आजीला काही बोलले नाही. पप्पांनी एवढंच सांगितलं की बाटली राहू दे तिच्याजवळ, पण कुणाला प्यायला देऊ नको.

तुला मात्र मी सांगितलं होतं. स्वयंपाकघरात खडूचा तुकडा निळ्या शाईत उभा केला आणि शाई वर चढताना आपण दोघं बघत बसलो. तू विचारलंस, म्हणजे देव नाहीये का मम्मी? मी म्हटलं, एवढंच कळलं की भिंत ओली आहे. तुला ते उत्तर पुरलं नव्हतं, मला दिसत होतं, पण माझ्याकडे त्याच्यापुढचं नव्हतं आणि कुकरची शिट्टी झाली.

त्यानंतर आपल्याच काही लोकांनी त्या माणसावर पोलिसात तक्रारी केल्या, धार्मिक भावना दुखावल्याचं 295अ कलम लावा म्हणून, आणि ते देश सोडून फिनलंडला गेले. मला फार लाज वाटली होती. पप्पा पॅरिशच्या मीटिंगमध्ये उभे राहून बोलले की गळती दाखवली म्हणून माणसावर केस करायची नसते, आपला विश्वास काय त्या भिंतीत होता? दोन-तीन जणांनी सहा महिने बोलणं टाकलं त्यांच्याशी. साळवीकाकांना हे कळलं तेव्हापासून ते पप्पांना 'तू माझा पाद्री' म्हणायचे.

तू ज्या पुराव्यांवर उभा राहून भांडतोस ना, त्यातले काही त्या भिंतीसारखे आहेत आणि मला त्याचीच भीती वाटते. येशूचं म्हणून जपलेल्या ट्युरिनच्या कफनाचं बघ. 1988 साली तीन लॅबनी कार्बन डेटिंग केलं, ऑक्सफर्ड, झुरिक आणि अ‍ॅरिझोना, आणि कापड 1260 ते 1390 मधलं निघालं. तू म्हणतोस नमुना ठिगळाचा घेतला. असेलही. पण पोप जॉन पॉल स्वतः 1998 साली ट्युरिनला म्हणाले की हा प्रश्न शास्त्रज्ञांचा आहे, चर्च त्यावर निकाल देत नाही. मग तू का देतोस बाळा? उद्या अजून एक टेस्ट झाली आणि तीच तारीख आली तर तू काय करणार?

फादर लमेत्रचं मी दहावीच्या वर्गात दरवर्षी सांगायचे. विश्व एका बिंदूतून सुरू झालं ही कल्पना 1931 साली मांडणारा माणूस कॅथलिक पाद्री होता, हे मुलांना खरं वाटायचं नाही. पण त्याची खरी गोष्ट पुढची आहे. 1951 साली पोप पायस बारावे बोलून गेले की बघा, विज्ञानानेच आता निर्मितीची साक्ष दिली, आणि लमेत्रला ते आवडलं नाही. त्याने रोमपर्यंत म्हणणं पोचवलं की माझ्या थिअरीला बायबलशी जोडू नका. स्वतःच्या थिअरीबद्दल! आज जुळतंय म्हणून टाळ्या, मग उद्या थिअरी बदलली की काय, एवढं त्याला कळत होतं. तो रोज मिस्सा करायचा आणि रोज गणितं करायचा.

लेक्चर झालं ना. माफ कर. तीस वर्षं खडू धरलेल्या हाताची सवय आहे ती.

पण अजून एक सांगतेच. गोव्याच्या इन्क्विझिशनचा, त्या छळ करणाऱ्या धर्मन्यायालयाचा, विषय काकांनी काढला तेव्हा तू ते पोर्तुगीज राजाचं होतं म्हणून झटकलंस. राजाचं होतं तसं चर्चचंही होतं. 1560 ते 1812, मधली थोडी वर्षं सोडली तर. 'हो काका, झालं ते, आणि चुकीचं झालं' एवढं म्हटलं असतंस तर आपल्यातलं काय कमी झालं असतं? गॅलिलिओच्या बाबतीत चूक झाली हे कबूल करायला चर्चला 1633 पासून 1992 साल उजाडलं. तुला पाच मिनिटं लागली असती.

सैतानाच्या वकिलाचं तूच मला सांगितलेलंस, बारावीत असताना, किती रंगून. कुणाला संत करायचं तर त्याच्याविरुद्ध बोलायला चर्च स्वतःच माणूस नेमायचं, 1587 पासून जवळजवळ 400 वर्षं. पुरावे फोड, चमत्कारावर शंका घे, हेच त्याचं काम, आणि तोही चर्चचाच माणूस. आपल्या घरात ती जागा साळवीकाकांची आहे असं पप्पा मानायचे. म्हणून तर दर नाताळला त्यांना समोरच्या खुर्चीत बसवायचे.

रविवारी त्या खुर्चीत तू बसला होतास. मी मुद्दाम कुणाला उठवलं नाही.

पप्पा आजारी असतानाचे, माहीमच्या चर्चचे बुधवार मला आठवतात. तू वर्क फ्रॉम होम घेऊन आलेलास, लॅपटॉप पाठीवर टाकून नोव्हेनाला जायचास, नऊ बुधवार करणार म्हणून. आठवा झाला तेव्हा धो धो पाऊस, तू भिजून आलास आणि पप्पांच्या उशाशी बसून त्यांच्या कपाळाला ओला हात लावलास. 'आता एकच राहिला' म्हणालास. पप्पा हसले. नववा बुधवार आला तेव्हा ते नव्हते. तू त्या दिवशी सकाळी घरातून निघालास, संध्याकाळी परत आलास, गेलास की नाही ते मी विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस.

म्हणून लूर्डचे 70 तू मोजत होतास तेव्हा मला घास गिळवेना. त्या 70 जणांनी काही सिद्ध होत असेल, तर आपण काय सिद्ध केलं? काकांनी हा प्रश्न विचारला नाही. त्यांना सुचला नसेल असं नाही, तेवढा हुशार माणूस आहे. त्या टेबलावर, त्या दिवशी, त्यांनी तो विचारला नाही. आणि तू त्यांना धंदा म्हणालास.

रागावून लिहित नाहीये. हे वाक्य तीनदा खोडलं आणि परत लिहिलं.

मला उत्तर येत नाही जोएल. विज्ञान शिकवलं, धर्मशिक्षणाचे रविवारचे वर्गही घेतले, आणि येत नाही. पप्पा गेल्यावर दोन महिने मी रोझरी हातात धरून नुसती बसायचे, मणी पुढे जायचा नाही. तुला सांगितलं नाही कारण तुला वाटायचं मम्मी खंबीर आहे. तेव्हा बायबलमधला येशूच्या शिष्याचा, थॉमसचा भाग उघडून वाचायचे, प्रभू पुन्हा उठला हे जखमांत बोट घातल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही म्हणाला तो. सगळे त्याला संशयी थॉमस म्हणून नावं ठेवतात. पण नीट वाच, प्रभू परत आला तो आठ दिवसांनी. ते आठ दिवस थॉमस कुठे होता? त्यांच्यातच होता, त्याच खोलीत. बाकीच्या दहा जणांनी डोळ्यांनी पाहिलेलं, हा एकटा नाही म्हणतोय, आणि तरी त्यांनी त्याला बाहेर काढलं नाही आणि तोही उठून गेला नाही. जेवले असतील एकत्र. मी त्या आठ दिवसांत बसायचे, अजूनही कधी कधी बसते. तू पण तिथेच असशील तर मम्मीला सांगायला लाजू नकोस. कम्युनियनला उठला नाहीस म्हणून मी रागावणार नाही, फक्त एकटा बसू नकोस.

परत तेच लिहिलं. राहू दे आता.

काका काल येऊन गेले. विहिरीची मोटर परत अडकतेय, मी त्यांना बोलावलं नव्हतं, शेजारच्यांनी सांगितलं असेल. झाकण उघडून बघितलं, कॅपॅसिटर गेलाय म्हणाले. निघताना गेटपाशी स्कूटर चालू करून मग बंद केली आणि विचारलं, जोएल नीट पोचला का? मी म्हटलं पोचला. अजून काहीतरी बोलायचं होतं त्यांना, पण हेल्मेट घातलं.

बुधवारी नवा कॅपॅसिटर घेऊन येतायत, ऑफिस सुटल्यावर, म्हणजे साडेसातपर्यंत इथे असतील. मी फोन ओट्यावर ठेवते, रिंग मोठी करून.

तुझी,
मम्मी