साहेब, ड्रोन आला होता, पाणी उतरल्यावर

मा. मंत्रिमहोदय,

सा. न. वि. वि. आपण कामात असाल, म्हणून थोडक्यात लिहितो.

गेल्या गुरुवारी पहाटे नागपुरातली नाग नदी पुन्हा आमच्या घरात आली. पहिल्यांदा आली ती २३ सप्टेंबर २०२३ ला. चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडला, डागा ले-आउट आणि कॉर्पोरेशन कॉलनी पाण्यात. सरकारी आकडा दहा हजार घरांचा. मला विचाराल तर दुप्पट. सानुग्रह मदत दहा हजार रुपये, म्हणजे आमच्या फ्रिजचं दार. पुढे वस्तीच्या सभेत एका अधिकाऱ्यानं माइकवर सांगितलं, "पुढच्या वेळी आधी ड्रोन येईल, मागून बोट." टाळ्या मीही वाजवल्या.

यंदाचं ऐका. आमचे काकाजी ८१ वर्षांचे, गुडघ्यांनी अधू. त्यांना खुर्चीसकट गच्चीवर चढवलं. खाली रिकामं सिलिंडर तरंगत भिंतीवर ठक ठक आपटत होतं. मी मोबाइलचा टॉर्च हलवत उभा. बोट आली, मागच्या गल्लीत शिरली, आम्ही ओरडत राहिलो आणि ती वळून निघून गेली. इन्सुलिन फ्रिजमध्ये, फ्रिज पाण्यात. गच्चीपर्यंत माणूस पोचला तेव्हा साडेनऊ वाजले होते.

धोधो पावसात ड्रोन उडत नाही, एवढं मलाही कळतं हो. पण पाऊस पाचलाच थांबला होता! अंगाची उष्णता टिपणारा कॅमेरा अंधारातही गच्चीवरची माणसं दाखवतो. बोटवाल्याला गल्ली कळली असती. औषधाची पिशवी दोरीनं खाली सोडता आली असती. विचारलं तर उत्तर मिळालं, विमानतळाजवळचा पिवळा झोन, परवानगी लागते. लागते ना, २०२१ पासूनचा नियम आहे. मग ती जूनमध्येच काढून ठेवायला कोणी हात धरला होता? वरातीवर उडतो तो ड्रोन कुठल्या झोनमधला, बाप्पा?

याच शहरात राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय आहे. देशभरातून लोक इथे माणसं वाचवायला शिकतात, आणि इथलेच लोक गच्चीवरून टॉर्च हलवतात. नदीकाठी बांधकामं मंजूर करताना तुम्हाला नकाशा सापडतो. घरपट्टीची नोटीस आजवर एकदाही मागच्या गल्लीत गेली नाही. बोटच तेवढी चुकते.

मागणी एवढीच, की पावसाळ्याआधी परवानगी, चार्ज केलेल्या बॅटऱ्या आणि रात्री ड्रोन उडवू शकणारा माणूस नागपुरातच तयार ठेवा. मुंबईहून नको.

आपला,
गच्चीवरचा एक करदाता

ता. क. चौथ्या दिवशी ड्रोन आला, साहेबांच्या पाहणी दौऱ्याचं शूटिंग करायला. व्हिडिओ छान आहे. दुसऱ्याच मिनिटाला आमची गच्ची दिसते. काकाजींची गादी वाळत घातलीय, निळ्या पट्ट्यांची.