तो पाऊण नंबर

आदरणीय मॅडम,
सा. न. वि. वि.

पत्र तुम्हाला आहे, पण मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितोय. ज्यांच्या मुलांना मी वर्षानुवर्षं कमी नंबरचे चष्मे दिले, त्यांच्यापैकी काही आईबाप हे वाचतील. वाचावं त्यांनी.

कराडात दुकान टाकलं तेव्हा तुम्ही शिकवलेलं सगळं पाठ होतं. पण काउंटरपलीकडे आई उभी असली की पाठांतर टिकत नाही. "थोडा कमीच ठेवा हो नंबर, डोळ्याला सवय लागली की वाढतच जातो." मी ज्यांच्या हाताखाली उमेदवारी केली, तेही तेच करायचे. पोराला तक्त्यावरची शेवटची ओळ दिसली की ट्रायल फ्रेममधून पाऊण नंबर काढून घ्यायचा आणि उरलेला लिहून द्यायचा. आई खूश, आपणही खूश. फळ्यावरचं धूसर दिसतंय म्हणाला, तर पुढच्या बाकावर बस म्हणायचं.

मग सहावीतल्या एका मुलीचे वडील आले. दोन वर्षांत तिचा नंबर मायनस दीडवरून अडीचवर गेला होता. माणूस शांत होता, म्हणून जास्त लागलं. म्हणाले, "कमी दिला तरी वाढलाच. मग कमी देऊन मिळवलं काय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या रात्री अकरा वर्षांनी तुम्हाला मेसेज केला. बोलणी खाणार असं वाटलं होतं. तुमचं एका ओळीचं उत्तर आलं: "कमी नंबर दिला की वाढ थांबते, हे तू कुठे वाचलंस?"

कुठेच नाही, मॅडम. ऐकलं होतं.

सकाळी तुम्ही मलेशियातला 2002 सालचा अभ्यास पाठवलात. 9 ते 14 वर्षांची 94 मुलं. निम्म्यांना पूर्ण नंबर, निम्म्यांना साधारण 0.75 डायॉप्टर (नंबर मोजायचं एकक) कमी. म्हणजे नेमका माझा पाऊण! दोन वर्षांनी पूर्ण नंबरवाल्यांची वाढ सरासरी 0.77 आणि कमी नंबरवाल्यांची 1.00. मी चहा तसाच ठेवून ते आकडे पुन्हा पुन्हा वाचले.

आणि लगेच दुसऱ्या टोकाला गेलो. "म्हणजे मीच पोरांचे नंबर वाढवले," असं तुम्हाला कळवलं. तुम्ही तिथेही लगाम ओढलात. फरक किती? पाव नंबरही नाही. मुलं किती? 94. मग इस्रायलमधला अभ्यास वाचायला लावलात. तिथे 48 मुलं, अर्धा नंबर कमी, दीड वर्ष. कमी नंबरवाल्यांची वाढ तिथेही किंचित जास्त, पण निव्वळ योगायोगानेही पडेल एवढाच फरक.

आता मीही शोधायला लागलो होतो. चीनमधल्या 12 वर्षांच्या मुलांची एक पाहणी सापडली. त्यात चष्माच न लावणाऱ्यांचा नंबर उलट कमी वाढला होता. मोठ्या ऐटीत पाठवली. तुम्ही विचारलंत, "चिठ्ठ्या टाकून मुलं वाटली होती का?" नव्हती. "मग ज्यांनी चष्मा लावला नाही, त्यांनी तो का लावला नाही, हे आधी विचार." कॉलेजात रँडमायझेशनवर चार मार्कांची टीप लिहिली होती मी. ते कशासाठी असतं, हे त्या दिवशी समजलं.

आता आईने तेच म्हटलं की मी इतकंच सांगतो: कमी ठेवल्याने वाढ थांबते याला पुरावा नाही, आणि मुलाला फळा धूसर दिसेल हे मात्र नक्की. नव्वद टक्के वेळा एवढं पुरतं. उरलेल्या आया दुसऱ्या दुकानात जातात. जाऊ देत.

त्या मुलीच्या वडिलांना मी बोलावून घेतलं आणि चूक झाली म्हणून सांगितलं. थेंब घालून तपासायला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं, मग पूर्ण नंबर दिला. वाढ मंदावणाऱ्या खास काचांबद्दलही सांगितलं. हाँगकाँगच्या दोन वर्षांच्या प्रयोगात तशा काचांनी वाढ सुमारे निम्म्याने कमी झाली होती. त्यांनी किंमत विचारली आणि खाली बघितलं. तुम्ही फळ्यावर काढायचात ती डॉक्टर डेव्हिड सॅकेट यांच्या, पुराव्यावर आधारित उपचारांच्या व्याख्येतली तीन वर्तुळं मला तेव्हा आठवली: पुरावा, आपला अनुभव, आणि समोरच्या माणसाला काय हवंय, काय झेपतंय. तिसरं वर्तुळ मी परीक्षेत नेहमी विसरायचो. शेवटी साधाच चष्मा ठरला, दर सहा महिन्यांनी तपासणी, आणि जमेल तेव्हा त्या काचांचा विचार.

त्यांच्याबरोबर धाकटा मुलगा होता, पहिलीतला, अजून नंबर नसलेला. ग्वांगझूच्या शाळांतला प्रयोग 2015 साली प्रसिद्ध झाला, तो याच वयाच्या मुलांवरचा. शाळेत रोज 40 मिनिटं जास्त बाहेर घालवली, तर तीन वर्षांत 39.5 ऐवजी 30.4 टक्के मुलांना मायनस नंबर लागला. हे मी वडिलांना सांगितलं. ताईचा चढलेला नंबर खेळून उतरणार नाही, तेही सांगितलं. पूर्वी मी दोन्ही एकाच वाक्यात गुंडाळलं असतं. फुकटचा उपाय ऐकून त्यांचा चेहरा जरा सैल झाला. पोरगं तर आधीच दाराबाहेर पळालं होतं.

जाता जाता, दुकानातली निळा प्रकाश अडवणाऱ्या 'ब्लू कट' काचांची पाटी काढली. वैद्यकीय प्रयोग एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2023 च्या आढाव्यात 17 प्रयोग पाहिले होते, आणि स्क्रीनमुळे डोळ्यांवर येणारा ताण त्या काचांनी कमी होतो असं निदान थोड्या काळात तरी दिसलं नव्हतं. मागितल्या तर देतो, पण आधी हे सांगून. महिन्याच्या हिशेबात ते जाणवतं. याबद्दलही आभार मानायचे का, ते बायको ठरवेल.

मॅडम, तुम्ही मला उत्तर आयतं दिलं असतं तर मी ते पुढच्या गिऱ्हाइकापर्यंत पोचवून विसरलो असतो. रात्री साडेदहाला, निवृत्तीनंतर, एका जुन्या आणि बेताच्याच विद्यार्थ्याला तुम्ही तीन आठवडे प्रश्न विचारत राहिलात. त्याचे हे आभार.

ती मुलगी पुढच्या महिन्यात तपासणीला येतेय. नंबर वाढला असला तरी कळवतो.

आपला विद्यार्थी,
कराडचा चष्मेवाला