विषय: ‘१.३५ व्होल्ट’ छापलेल्या अ‍ॅडॉप्टरमध्ये डायोडच नाही

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा

जुन्या कॅमेऱ्यांच्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरला लागणाऱ्या पीएक्स ६२५ या १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलच्या जागी बसणारा तुमचा अ‍ॅडॉप्टर सदोष आहे. फोनवर तीनदा सांगून झालं, आता लेखी देत आहे.

पाकिटावर छापलंय, ‘३८६ सेल घाला, १.३५ व्होल्ट मिळवा.’ ३८६ हा सिल्व्हर ऑक्साइडचा, १.५५ व्होल्टचा. वरचे ०.२ व्होल्ट आतल्या शॉट्की डायोडने (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा आणि थोडं व्होल्टेज खाणारा छोटा भाग) खायचे, त्याचेच पैसे तुम्ही घेता. रिकामा अ‍ॅडॉप्टर मल्टिमीटरच्या डायोड मोडवर तपासला. एक प्रोब आतल्या पाकळीला, दुसरा बाहेरच्या तळाला: शून्य. प्रोब उलटे केले: पुन्हा शून्य. डायोड असता तर एका दिशेने ०.२ च्या आसपास आकडा आला असता, दुसऱ्या दिशेने काहीच नाही. लोड, म्हणजे वीज खेचणारा भार, न लावता मोजलं असं कुणी म्हणू नये म्हणून नवा सेल घालून १० किलोओहमचा रेझिस्टर लावला. तरी १.५४ व्होल्ट. ही नुसती धातूची चकती आहे.

आज तुमच्या प्रतिनिधीने विचारलं, “काटा हलतोय ना? मग बॅटरी चालतेय.” व्होल्टेजचे आकडे सांगितले, तर “पॉइंट दोनने काय होतं?” मग “तुमची फिल्म जुनी असेल.” मग “बाकीच्यांचे कॅमेरे चालतात.” काटा हलत नाही अशी तक्रार मी केलीच नव्हती. तो जास्त हलतोय, ही तक्रार आहे! माझ्या मिनोल्टा एसआरटी १०१ कॅमेऱ्याचा मीटर व्होल्टेज वाढलं की उजेड जास्त आहे असं समजतो आणि फिल्मला प्रकाश कमी मिळतो. निगेटिव्ह पातळ येते, सावलीतला तपशील जातो, स्लाइड तर काळपट होऊन वायाच जाते. बाकीच्यांचं म्हणाल, तर पेंटॅक्स स्पॉटमॅटिकसारख्या कॅमेऱ्यांच्या ब्रिज सर्किटच्या (व्होल्टेज बदललं तरी मोजणी तीच ठेवणाऱ्या जोडणीच्या) मीटरला हा फरक जाणवत नाही. बाकीच्यांकडे कोणते कॅमेरे आहेत, हे तुमच्या प्रतिनिधीने विचारलं होतं का?

शेवटी सल्ला मिळाला, “आयएसओ कमी ठेवा, नाहीतर अल्कलाइन टाका.” चूक काट्याच्या सगळ्या पट्ट्यावर सारखी नसते, त्यामुळे आयएसओ, म्हणजे मीटरवर लावायचा फिल्मच्या संवेदनशीलतेचा आकडा, बदलून ती पूर्ण जात नाही. अल्कलाइनचं व्होल्टेज तर वापरागणिक उतरत जातं. आज जुळवलेलं महिन्याभराने चुकतं. श्रवणयंत्राचा ६७५ झिंक-एअर सेल रिंग लावून बसतो, व्होल्टेजही जवळचं देतो, पण हवेची छिद्रं झाकणारी पट्टी काढल्यावर काही आठवड्यांतच संपतो. तो त्रास नको म्हणून तर डायोडवाला घेतला. आणि त्यात डायोडच नाही.

पूर्ण पैसे परत हवेत, बदली नको. या बॅचमधले सगळे अ‍ॅडॉप्टर तपासा आणि तोवर पाकिटावरचं ‘१.३५ व्होल्ट’ काढा. सात दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर मोजणीचे फोटो जुने कॅमेरे दुरुस्त करणाऱ्यांपर्यंत पोहोचवीन. तुमचं नाव मला त्यांच्याकडूनच कळलं होतं.

फोटो आणि पावती सोबत जोडली आहे.

एक ग्राहक