टर्बो निवडून देणाऱ्या वस्तादांचे जाहीर आभार

वस्ताद, सादर नमस्कार.

गाडी माझा भाऊ चालवतो, हिशेब मी बघते. जुना टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारं यंत्र, संपल्यावर नवा कोणता घ्यायचा हे ठरवताना कोल्हापूरच्या उद्यमनगरात तुम्ही आम्हा दोघांना समोर बसवून सर्ज, म्हणजे टर्बोतली हवा उलटी येणं, समजावून सांगितलात, त्याबद्दल मनापासून आभार. तुमचं नाव इथे घालत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण भरल्या गाडीनं आंबा, करूळ, आंबोली हे घाट चढणाऱ्या सगळ्यांना हे कळायला हवं, म्हणून पत्र जाहीर लिहिते आहे.

सगळीकडे एकच सल्ला मिळत होता: मोठा टर्बो बसवा, ओढ वाढेल. तुम्ही मात्र आधी विचारलंत, "साखरप्याहून वर येताना चिरा भरलेला असतो, तेव्हा काटा कुठे असतो?" भाऊ म्हणाला, १२०० आरपीएमच्या, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला १२०० फेऱ्यांच्या आसपास. मग तुम्ही कंप्रेसरचा, म्हणजे टर्बोतल्या हवा दाबणाऱ्या भागाचा, मॅप (आलेख) काढलात. आडव्या बाजूला मिनिटाला किती हवा जाते ते, उभ्या बाजूला दाब किती पट होतो ते, आणि डावीकडे वर चढत जाणारी सर्जची रेघ. त्या रेघेच्या डावीकडे जायचं नाही, एवढं तुम्ही बोटानं दाखवलंत.

हिशेब मला फार आवडला. इंजिन सहा लिटरचं, चार स्ट्रोकचं, म्हणजे दोन फेऱ्यांत एकदा हवा घेणार. १२०० आरपीएमला मिनिटाला ३६०० लिटर. सिलिंडर नव्वद टक्के भरतो असं धरलं तर ३२४०. गेजवर दीड बार बूस्ट (बाहेरच्या हवेपेक्षा जादा दाब) आणि दाबलेली हवा गार करणाऱ्या इंटरकूलरनंतर हवा ५० अंश धरली, तर ही हवा वजनात मिनिटाला साडेआठ किलोच्या आसपास भरते. तोच बूस्ट २४०० ला असेल तर सतरा किलो. दाबाची पट काढताना गेजचा दीड तसाच घ्यायचा नाही, हेही तुम्ही बजावलंत. कोल्हापूर साधारण ५५० मीटर उंचीवर, इथे हवेचा दाब ०.९५ बारच्या आसपास. म्हणून दीड अधिक ०.९५ म्हणजे २.४५, आणि २.४५ भागिले ०.९५, जवळजवळ २.६ पट. एअर फिल्टर तुंबलेला असेल तर ही पट आणखी वाढते.

हे दोन्ही बिंदू तुम्ही मोठ्या टर्बोच्या मॅपवर मांडलेत. २४०० चा अगदी मधोमध, जिथे कंप्रेसर सर्वांत चांगलं काम करतो. १२०० चा मात्र रेघेच्या पलीकडे! आमची गाडी दिवसभर जिथे राबते तोच बिंदू बाहेर.

पलीकडे गेल्यावर काय होतं, तेही नीट सांगितलंत. पुढे दाब जास्त आणि जाणारी हवा कमी, म्हणून पात्यांवरचा प्रवाह सुटतो आणि हवा उलटी येते. जोतिबाच्या यात्रेत पायऱ्यांवर पुढची गर्दी अडली की मागची माणसं माघारी रेटली जातात, तसं. दाब उतरला की हवा पुन्हा पुढे जाते, पुन्हा उलटते. हे सेकंदाला अनेकदा घडतं आणि फिल्टरच्या बाजूनं फडफड ऐकू येते. काही जण तो आवाज मुद्दाम काढतात. पण प्रत्येक उलट्या धक्क्याचा मार शाफ्टला पुढेमागे सरकू न देणाऱ्या थ्रस्ट बेअरिंगवर बसतो, पात्यांचं व्हील थकतं, आणि शेवटी टर्बो जातो.

घाटात फडफड आली तर काय करायचं, हे भावानं तुमच्याकडूनच घेतलं: रेटत बसायचं नाही, खालचा गिअर टाकायचा. आरपीएम वाढले की हवा वाढते आणि बिंदू रेघेपासून उजवीकडे सरकतो. पेट्रोल गाडीसारखा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह (थ्रॉटल मिटल्यावर अडलेली हवा बाहेर सोडणारी झडप) लावून हे दुखणं बरं होणार नाही, हेही तुम्ही स्पष्ट सांगितलंत. आमच्या डिझेल इंजिनाला थ्रॉटल, म्हणजे हवा अडवणारी झडपच नाही, आणि सर्ज येणार तो ॲक्सिलरेटर दाबलेला असताना.

तुम्ही सुचवलेला टर्बो लहान आहे, कंप्रेसरच्या तोंडाशी खाच असलेला. कमी हवेत त्या खाचेतून थोडी हवा मागे फिरते आणि सर्जची रेघ डावीकडे सरकते. किंमतही मोठ्यापेक्षा कमी पडली. मोठा विकला असता तर तुमचा फायदा जास्त होता, हे मी दर पाहूनच लिहिते आहे. भाऊ म्हणतो, साखरप्यापासून माथ्यापर्यंत गाडी स्वच्छ ओढते.

पुढच्या ऑइल बदलीला शाफ्टची पुढेमागे ढिलाई तपासायला गाडी घेऊन येऊ. तेव्हा तो मॅपचा कागद फोटोकॉपीसाठी द्या. शिरोलीतल्या दोघा गाडीवाल्यांनी मागितला आहे.

आपली,
हिशेब बघणारी बहीण